विश्लेषण : सनद नसताना पुण्यात खुनाचा खटला लढवणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजी कोण होत्या?

वराळे, आंबी, तळेगाव भागातील मुली आता बारावीनंतर सीईटी देतात आणि पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात फौजदारी कायदा शिकतात. मुलगी आहे म्हणून कुणाचा अर्ज अडत नाही. नाशिकला १५ नोव्हेंबर १८६६ रोजी जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचा मात्र जवळपास प्रत्येक टप्प्यावर अडला.

शिष्यवृत्ती का हुकली?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. गुण अव्वल होते, पण विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती स्त्रीला मिळेना. शेवटी इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी काढली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तब्बल ३० वर्षांनी!

मग न्यायालयात उभ्या कशा राहिल्या?

खरी गंमत इथे आहे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘वकील’ या व्याख्येत, न्यायालयाच्या परवानगीने नेमलेली अन्य व्यक्तीही बसत होती. व्यक्ती पुरुषच हवी, असे कुठे लिहिलेले नव्हते. त्याच आधारावर १८९६ मध्ये पुण्यात खुनाच्या खटल्यात त्यांनी बचावाची बाजू मांडली. इंजिनीअरच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी नियम मोडला नाही, त्यात कुणी न घातलेली अट शोधली. व्याख्यांचे कलम कंटाळवाणे म्हणून सोडून देणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

त्या काळी गुन्हे ठरत १८६० च्या दंड संहितेवर आणि पुरावा तपासला जाई १८७२ च्या कायद्यावर. हे दोन्ही कायदे १ जुलै २०२४ पर्यंत टिकले. आता त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम शिकवले जातात.

सनद कधी मिळाली?

१८९७ मध्ये त्यांनी मुंबईची एलएलबी केली, १८९९ मध्ये अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली. तरी सनद नाही. १९०४ पासून त्यांनी बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’मध्ये पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे काम पाहिले. सुमारे ६०० स्त्रिया आणि मुलांना त्याचा आधार झाला, असे मानले जाते.

१९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिली खुली झाली. १९२४ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्या कलकत्त्यात वकील म्हणून उभ्या राहिल्या. पण ब्रिटिश राजवटीची बाजू घेतल्याने आणि गांधीजींना विरोध केल्याने स्वदेशात त्या एकट्या पडल्या. हा भागही झाकू नये. १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या. ६ जुलै १९५४ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.