दादासाहेब मावळंकर : मुंबई विधानसभेपासून लोकसभेपर्यंत

लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांचे नाव सर्वश्रुत आहे. तथापि, या पदासाठी आवश्यक असलेली त्यांची घडण झाली ती मुंबई प्रांताच्या विधानसभेत. १९३७ ते १९४६ या काळात ते त्या सभागृहाचे अध्यक्ष होते.

मावळंकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे येथील. दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोदा येथे झाला. राजापूर आदी ठिकाणी प्रारंभीचे शिक्षण घेऊन ते १९०२ मध्ये अहमदाबादला गेले. गुजरात कॉलेजातून १९०८ साली पदवी आणि पुढे मुंबईत कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर १९१३ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वकिली सुरू केली. महात्मा गांधी आणि सरदार पटेल यांच्या सहवासात ते सार्वजनिक कार्याकडे वळले. १९१९ मध्ये ते अहमदाबाद नगरपालिकेचे सदस्य झाले आणि पुढे दोन वेळा तिचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना अनेकदा कारावास घडला. तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगारांमधील माणुसकीचे चित्रण त्यांनी आपल्या एका गुजराती पुस्तकात केले आहे.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले आणि मावळंकर विधानसभेचे अध्यक्ष झाले. गुजरात, महाराष्ट्र आणि आजच्या कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, विजापूर अशा भागांचे प्रतिनिधी या सभागृहात एकत्र बसत. १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर सभागृहाचे कामकाज थंडावले, मात्र मावळंकरांचे अध्यक्षपद कायम राहिले.

जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी चुरशीची लढत झाली. सरकारचा पाठिंबा असलेले सर कावसजी जहांगीर यांचा मावळंकरांनी ६६ विरुद्ध ६३ अशा अवघ्या तीन मतांनी पराभव केला. स्वातंत्र्यानंतर नोव्हेंबर १९४७ मध्ये ते संविधान सभेच्या विधिमंडळाचे अध्यक्ष झाले. १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांच्याविरुद्ध ३९४ विरुद्ध ५५ मतांनी त्यांची निवड केली. त्या पदासाठीचे दोन्ही उमेदवार मराठी होते, हा एक योगायोगच.

सरकारला सभागृहापुढे उत्तरदायी ठेवणे, हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही, हे तपासणारी समिती त्यांच्याच कारकिर्दीत १९५३ मध्ये अस्तित्वात आली. संसदेला बाजूला ठेवून वारंवार अध्यादेश काढणे लोकशाहीला पोषक नाही, असे त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना १९५० आणि १९५४ मध्ये पत्राद्वारे कळविले होते. सत्ताधारी पक्षाच्याच सदस्याने स्वपक्षाच्या सरकारला असे बजावणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

त्यांची कारकीर्द वादातीत मात्र नव्हती. ब्रिटनमधील प्रथेप्रमाणे त्यांनी पक्षाचा त्याग केला नाही. अध्यक्षाला बिनविरोध निवडून देण्याची परंपरा भारतात रुजल्याखेरीज ते शक्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. स्थगन प्रस्तावांना परवानगी देताना ते कमालीचे काटेकोर असत आणि त्यामुळे विरोधी सदस्य नाराज होत. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत चर्चेला आला. लोकसभेच्या अध्यक्षाविरुद्ध आलेला हा पहिलाच ठराव होता. त्या वेळी अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार होते. नेहरूंनी मावळंकरांची पाठराखण केली आणि सभागृहाने ठराव फेटाळला.

पदावर असतानाच २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबाद येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी सुशीला आणि पुढे पुत्र पुरुषोत्तम यांनीही लोकसभेत अहमदाबादचे प्रतिनिधित्व केले. अध्यक्ष पक्षातीत असावा की नसावा, हा प्रश्न देशातील विधिमंडळांत आजही उपस्थित होतो. त्यावर मावळंकरांनी दिलेले उत्तर अपुरे मानले, तरी सरकारपुढे सभागृहाचा अधिकार जपण्याचा त्यांनी घालून दिलेला पायंडा संसदीय कामकाजात टिकून आहे.