न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

१८९७ च्या ऑगस्टमधली गोष्ट. राजद्रोहाच्या आरोपाखाली लोकमान्य टिळक तुरुंगात होते. मुंबई उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांनी त्यांचा जामीन नाकारला होता. पुन्हा अर्ज झाला, तो न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे.

तय्यबजींचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत, एका बोहरा व्यापारी घराण्यात झाला. इंग्लंडात शिकून १८६७ साली ते परतले आणि मुंबई उच्च न्यायालयातील पहिले भारतीय बॅरिस्टर ठरले. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्याबरोबर त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान मुसलमानांना काँग्रेसपासून दूर राहण्यास सांगत असताना त्यांनी हा मान स्वीकारला.

असा हा काँग्रेसचा माजी अध्यक्ष १८९५ मध्ये उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. नेमणूक इंग्रज सरकारच्याच हातची. अशा माणसाकडे दोन्ही बाजू संशयाने पाहू शकतात. सरकारला वाटावे, हा जुना काँग्रेसवाला; लोकांना वाटावे, हा आता सरकारचा झाला.

तय्यबजी राजकारणात मवाळ, टिळकांच्या वाटेचे नव्हेत. तरी त्यांनी जामीन मंजूर केला. खटला उभा राहीपर्यंत टिळकांना बाहेर राहून बचावाची तयारी करता आली. पुढे त्यांना शिक्षा झाली, ती दुसऱ्या न्यायाधीशापुढे.

त्या दिवशी टिळकांच्या बाजूने जामीन मागणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. तेच दावर पुढे न्यायाधीश झाले आणि १९०८ मध्ये त्यांनीच टिळकांना जामीन नाकारून सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली!

१९०२ मध्ये तय्यबजींनी काही काळ मुख्य न्यायाधीशपदही सांभाळले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आज उच्च न्यायालयासाठी नावे न्यायाधीशांचे कॉलेजियम सुचवते व नेमणूक राष्ट्रपती करतात. तरीही अमुक वकील कोणत्या पक्षासाठी उभा राहिला होता, ही चौकशी काही थांबत नाही. सत्तेवर कोणीही असो, आपला माणूस आणि परका माणूस हे माप लावण्याचा मोह सुटत नाही. तय्यबजी आणि दावर या दोघांनीही ते माप खोटे ठरवले. न्यायाधीश निवडताना त्याचा कालचा पक्ष पाहू नये. नको असलेल्या माणसालाही तो न्याय देईल का, एवढेच पाहावे.