मार्टिन लूथर यांची भीती

ऑक्टोबरच्या अखेरीस धर्मसुधारणा रविवार आला म्हणजे आपल्या शब्बाथ शाळांतून मार्टिन लूथर यांची गोष्ट हटकून सांगितली जाते. हाती हातोडा, समोर विटेनबर्गच्या मंदिराचे दार, आणि मुद्रेवर भीतीचा लवलेश नाही, असे चित्र मुलांपुढे उभे राहते. प्रार्थना करावयास सांगितले की ज्याच्या घशाला कोरड पडते, असे एखादे मूल मागच्या बाकावर बसलेले असते. ही माणसेच निराळी, एवढेच ते हे ऐकून मनाशी ठरवते. त्या मुलासाठी या थोर पुरुषाच्या चरित्राची दुसरी बाजू आम्ही येथे मांडीत आहोत.

लूथर भीत असत, आणि ही भीती त्यांना जन्मभर पुरली. १० नोव्हेंबर १४८३ रोजी जर्मनीतील आइस्लेबेन येथे त्यांचा जन्म झाला. वडील हान्स हे तांब्याच्या खाणीच्या धंद्यात होते. मुलाने वकील व्हावे अशी त्यांची इच्छा. परंतु २ जुलै १५०५ रोजी वाटेत वादळाने गाठले, जवळच वीज कोसळली, आणि घाबरलेल्या तरुणाने संत अन्नेला नवस केला की वाचलो तर मठात जाईन. पंधरवड्यात तो एर्फुर्टच्या मठात दाखल झाला. १५०७ मध्ये पहिला मिस्सा अर्पिताना, आपण जिवंत देवाशी बोलत आहोत या जाणिवेने ते वेदीपाशी थरथर कापू लागले. पापांगीकारास बसले म्हणजे तासन्‌तास उठत नसत. वरिष्ठ श्टाउपिट्स यांना त्यांची समजूत घालता घालता पुरेवाट होई.

मनाशी बोलणे मठातही चालूच होते. फक्त ते एकच एक होते: तू अपुरा आहेस, देव तुझ्यावर रागावला आहे. पुढे शास्त्राच्या अभ्यासातून विश्वासाने नीतिमान ठरण्याचे सत्य त्यांना उमगले, तेव्हा या बोलण्याचा मजकूर बदलला. भीती मात्र एकदम गेली नाही.

१७ एप्रिल १५२१ रोजी वर्म्सच्या सभेत ते बादशहा पाचव्या चार्ल्सपुढे उभे राहिले. अभयपत्र मिळूनही यान हुस यांना १४१५ मध्ये जाळले होते, हे सर्वांस ठाऊक होते. पुस्तके तुझी आहेत काय, ती मागे घेतोस काय, असे विचारले गेले. लूथर यांचा आवाज इतका खाली गेला की नीट ऐकू येईना. त्यांनी विचारास वेळ मागितला. धैर्याचे ते प्रसिद्ध उत्तर दुसऱ्या दिवशीचे, १८ तारखेचे आहे. शिक्षकांनी सतरा तारीखही सांगावी असे आम्हांस आग्रहाने वाटते.

१५२७ हे साल फार कठीण गेले. जुलैत ते कोसळले, आता मरतो असे त्यांना वाटले. त्यानंतर विटेनबर्गमध्ये प्लेग आला. विद्यापीठ येना येथे हलवले, पण गरोदर पत्नी काथारीना हिच्यासह लूथर गावातच राहिले. डिसेंबरात जन्मलेली एलिझाबेथ पुढील ऑगस्टमध्ये दगावली. १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत त्यांनी शिकवले, की पापाची टोचणी लागली म्हणजे आपला बाप्तिस्मा झाला आहे हे आपण आपल्या मनाला बजावून सांगावे. तू शूर आहेस, हुशार आहेस, असे सांगावयास त्यांनी शिकवले नाही. तसे सांगितलेले घाबरलेल्या मनास खरे वाटत नाही. देवाने आपल्यासाठी केलेले काम मात्र भीतीच्या क्षणीही खरेच असते.

१५३० मध्ये आउग्सबुर्ग येथे बादशहापुढे विश्वासाचा अंगीकार मांडावयाचा होता. लूथर यांच्यावर बंदी असल्यामुळे ते एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत कोबुर्गच्या किल्ल्यात राहिले. कानांत गुणगुण, डोकेदुखी, एकटेपणा. जूनमध्ये वडील वारल्याचे कळले, तेव्हा स्तोत्रसंहिता घेऊन ते खोलीत गेले आणि खूप रडले. तेथेच त्यांनी ११८ व्या स्तोत्रावर भाष्य लिहिले. त्यातील १७ वे वचन, मरणापुढे जीवनाची खात्री धरणारे, त्यांनी चालीसह भिंतीवर लिहून ठेवले. स्वतःला सांगावयाची गोष्ट डोळ्यांपुढे असावी, म्हणजे मन भलतीकडे गेले तरी नजर तेथे पडते.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या मुलांचे शिक्षक हिएरोनिमुस वेलर यांना निराशेने ग्रासले. लूथर यांनी पत्रातून सल्ला दिला, की अशा विचारांशी वाद घालू नये, एकटे राहू नये, लोकांत मिसळून हसावे, खेळावे. (थोडे अधिक पिण्याचा सल्लाही त्यात आहे, तेवढा वाचकांनी जर्मनीतच राहू द्यावा.) वाद न घालण्याची गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. भीतीशी हुज्जत घालत बसले की तीच अधिक बोलते आणि आपण ऐकणारे होतो.

तरीही ऑक्टोबरच्या ४ तारखेस, कोबुर्ग सोडण्याच्या सुमारास, लूथर पुन्हा खचलेले होते. म्युनिकचे संगीतकार लुडविग झेन्फल यांना त्यांनी पत्र लिहिले. झेन्फल हे लूथर यांच्या विरोधी असलेल्या बव्हेरियाच्या ड्यूकच्या पदरी होते. जगण्याचा कंटाळा आला आहे, तेव्हा चौथ्या स्तोत्रातील शांतीने निजण्याच्या वचनावर अनेक आवाजांची रचना करून द्यावी, अशी त्यांनी विनंती केली. झेन्फल यांनी तीही रचना पाठवली, पण नंतर. आधी त्यांनी न मागितलेलीच एक रचना पाठवली. ती ११८ व्या स्तोत्राच्या १७ व्या वचनाची होती.