दोनच बटणं, पण आवाज कितीतरी: जिमी हेंड्रिक्सचं पेडल काय शिकवतं?

डिस्टॉर्शन पेडल घेताना जास्त बटणं म्हणजे जास्त आवाज, असं अनेकांना वाटतं. जिमी हेंड्रिक्सच्या पायाशी मात्र दोनच बटणांचा गोल डबा असायचा: फझ फेस.

1942 मध्ये सिएटलला जन्मलेला जिमी गरिबीत वाढला. काही काळ लष्करात पॅराट्रूपर होता. नंतर इतर गायकांच्या मागे गिटार वाजवून त्याने पोट भरलं. 1966 मध्ये तो लंडनला गेला. त्याच वर्षी तिथे फझ फेस बाजारात आलं होतं.

त्यात एक बटण आवाजाचं, दुसरं फझचं. बाकी काम जिमी गिटारवरच्या व्हॉल्यूमने करायचा. तो कमी केला की सूर जवळपास स्वच्छ, वाढवला की गर्जना. 1969 मध्ये व्हिएतनाम युद्ध सुरू असताना त्याने वुडस्टॉकला अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, तेव्हा गिटारमधून बॉम्ब पडल्यासारखे आवाज आले.

18 सप्टेंबर 1970 ला, वयाच्या 27व्या वर्षी, लंडनमध्येच त्याचा मृत्यू झाला. प्रसिद्धीची जेमतेम चार वर्षं त्याला मिळाली.

म्हणूनच दुकानात पेडल तपासताना बटणं मोजण्याआधी गिटारचा व्हॉल्यूम कमी करून बघा. आवाज तुमच्या हाताप्रमाणे बदलला, तर ते पेडल अनेक गाण्यांत चालेल.