रोज सकाळी बाख

नव्वदीला टेकलेला माणूस सकाळी उठून काय करतो? आपल्याकडे बहुधा तो गरम पाणी पितो, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता आधी वाचतो आणि नातवंडांच्या शाळेच्या धांदलीत आपल्या चहाची आठवण कुणाला होते याची वाट पाहतो. पाब्लो कासाल्स पियानोपाशी जात असत. नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाने पोर्तो रिकोतल्या त्यांच्या घरची अशी एक सकाळ पाहून लिहून ठेवली आहे. कासाल्स यांचा नव्वदावा वाढदिवस काही आठवड्यांवर आला होता. सुजलेले हात, आखडलेली बोटं, पाठीला बाक, श्वास घ्यायलाही कष्ट. पत्नी मार्ताच्या हाताला धरून, पाय घासत ते खोलीत आले. कसेबसे पियानोसमोर बसले, आखडलेली बोटं पट्ट्यांजवळ नेली आणि बाख वाजवू लागले. हळूहळू बोटं उमलली, पाठ ताठ झाली, श्वास मोकळा झाला. बाखनंतर ब्राह्म्स झाला. मग हेच गृहस्थ न्याहारीच्या टेबलाकडे सरळ चालत गेले आणि नंतर समुद्रकिनारी फिरायला बाहेर पडले.

गंमत अशी की कासाल्स यांची कीर्ती पियानोवादक म्हणून नाहीच. ते विसाव्या शतकातले सर्वांत मोठे चेलोवादक. चेलो म्हणजे गुडघ्यांमध्ये उभा धरून गजाने वाजवायचा, व्हायोलिनच्या घराण्यातला भारदस्त आवाजाचा थोरला भाऊ. पियानोवरचा बाख ही त्यांची निव्वळ घरगुती पूजा होती. हा नेम आपण ऐंशी वर्षं पाळला, असं ते सांगत.

या माणसाबद्दल मी का लिहावं? मी बेस गिटार वाजवतो. वय अडुसष्ट. बँकेची नोकरी सांभाळून गणेशोत्सवातल्या आणि लग्नांतल्या ऑर्केस्ट्रात पस्तीस-छत्तीस वर्षं मागे उभा राहिलो. बेस गिटार हे मोठं बिचारं वाद्य आहे. ते वाजत असतं तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, थांबलं की गाणं पोकळ वाटू लागतं. त्यावर एकट्याने वाजवावं असं फारसं काही लिहिलेलंच नाही. म्हणून आमच्यासारखे लोक शेजारच्या घरात उसनवारी करतात आणि चेलोसाठी बाखने लिहिलेले सहा ‘सुइट’ आपल्या चार जाड तारांवर बसवायला घेतात. पहिल्या सुइटचा आरंभीचा तुकडा बसवता बसवता माझी कित्येक वर्षं गेली, अजूनही जाताहेत. आणि त्या सहा सुइटांच्या वाटेने जो जातो त्याला कासाल्स भेटतातच.

स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातल्या एल वेंद्रेल या गावी 29 डिसेंबर 1876 रोजी त्यांचा जन्म झाला. पाब्लो हे नावाचं स्पॅनिश रूप. कॅटलन भाषेत ते पाउ, आणि पाउ या शब्दाचा दुसरा अर्थ शांतता. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. आपल्याकडे गोव्यातही कितीतरी वादक चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून पुढे मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत पोचले, तसंच हेही घराणं. मुलगा पियानो, व्हायोलिन, ऑर्गन सगळ्यांत हात घालू लागला. गावात आलेल्या फिरत्या वादकांकडे त्याने एक विचित्र तारवाद्य पाहिलं आणि तसंच हवं म्हणून हट्ट धरला. वडिलांनी वाळवलेल्या भोपळ्यावर तार चढवून त्याला एक वाद्य करून दिलं. आपल्या एकतारीचं चुलत भावंडच म्हणा, फक्त हे गजाने वाजवायचं. खरा चेलो त्याने प्रथम ऐकला तो वयाच्या अकराव्या वर्षी. त्यानंतर दुसरं वाद्य मनातून उतरलं.

आई पिलार बाई मोठी जिद्दीची. मुलगा संगीतच शिकणार, हा तिचा निर्णय. ती त्याला बार्सिलोनाला घेऊन गेली. तिथे दिवसा संगीतशाळा आणि रात्री एका कॅफेत वादन, असा क्रम सुरू झाला. 1890 साली, तेरा वर्षांचा असताना, तो वडिलांबरोबर बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात स्वरलिपीची पुस्तकं धुंडाळत होता. धूळ खात पडलेल्या कागदांत त्याला बाखचे चेलोसाठीचे सहा सुइट सापडले. बाखने 1720च्या सुमारास ते लिहिले, पण पुढच्या जगाने त्यांना बोटांच्या तालमीचं साहित्य ठरवून टाकलं होतं. एखादा सुटा तुकडा कुणी वाजवी, इतकंच. कासाल्स यांनी ते घरी नेले आणि रोज वाजवू लागले. त्यांतला एक सबंध सुइट लोकांसमोर सादर करण्याआधी किती वर्षं गेली असतील? बारा! आजच्या काळात हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

वाद्य हाती धरण्याची पद्धतही त्यांनी मोडली. त्या वेळी चेलो शिकताना गजाच्या हाताच्या काखेत पुस्तक धरायला लावत, कोपर बाहेर जाऊ नये म्हणून. कासाल्स यांनी हात मोकळा केला. डाव्या हाताचंही तसंच. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना सगळा हात तारेवर सरकवत नेण्याची रीत होती, त्यामुळे मध्ये एक घसरगुंडी ऐकू येई. त्यांनी बोटं फाकवून सूर गाठायला सुरुवात केली. ही गोष्ट मला फार जवळची वाटते. बेस गिटारचे खालचे फ्रेट इतके लांब-लांब असतात की चार बोटांनी चार फ्रेट धरायचे तर पंजा ताणावा लागतो. साठीनंतर तो तसा ताणत नाही. मग आम्ही म्हातारे तीनच फ्रेटांत बोटं ठेवतो आणि हात सरकवतो. कासाल्स यांनी सोडलेल्या रीतीकडे परत जातो म्हणा ना!

संगीतकार अल्बेनिथ यांनी त्या कॅफेत त्यांना ऐकलं आणि माद्रिदच्या दरबाराशी संबंध असलेल्या एका सरदाराच्या नावे शिफारसपत्र दिलं. पुढे राणी मारिया क्रिस्तिना यांचा आश्रय, 1899 साली पॅरिस आणि लंडन, राणी व्हिक्टोरियासमोर वादन, असा मार्ग सरळ वर जात राहिला. तो सगळा सांगत बसत नाही. मोठ्या कलावंतांच्या चरित्रातला हा भाग सगळ्यात कंटाळवाणा असतो. एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. 1901 साली अमेरिकेच्या दौऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅमलपायस डोंगरावर ते मित्रांबरोबर फिरायला गेले असता एक दगड गडगडत आला आणि त्यांच्या डाव्या हातावर आदळला. बोटं चेचली. त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो सुटकेचा : आता पुन्हा चेलो वाजवावा लागणार नाही. ही कबुली त्यांनी स्वतःच पुढे दिली आहे. हात काही महिन्यांत बरा झाला, पण मंचाची भीती जन्मभर गेली नाही. हजारो कार्यक्रम केलेला हा माणूस प्रत्येक कार्यक्रमाआधी कासावीस होत असे.

मला वाटतं, कासाल्स समजून घ्यायची किल्ली इथे आहे. वाजवणं आणि मंचावर वाजवणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिलीवर त्यांचं प्रेम होतं, दुसरी हे कर्तव्य होतं. म्हणून पुढे जेव्हा काहीतरी सोडायची वेळ आली तेव्हा काय सोडायचं आणि काय नाही हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

ती वेळ आली राजकारणाने. कासाल्स यांनी 1920 साली बार्सिलोनात स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला होता आणि 1926 पासून कामगारांच्या संघटनेसाठी अल्प वर्गणीत खास कार्यक्रम सुरू केले होते. 18 जुलै 1936 रोजी ते बेथोवेनच्या नवव्या सिम्फनीची तालीम घेत होते. शेवटचा भाग सुरू व्हायचा होता. इतक्यात निरोप आला की लष्कराने बंड केलं आहे, उद्याचा कार्यक्रम रद्द, सगळ्यांनी घरी जावं. कासाल्स यांनी वादक-गायकांना विचारलं, आणि सगळ्यांनी सिम्फनी शेवटापर्यंत पूर्ण करूनच एकमेकांचा निरोप घेतला. मग तीन वर्षं यादवी युद्ध चाललं. त्याच नोव्हेंबरात, 23 तारखेला, लंडनला जाऊन त्यांनी बाखच्या सुइटांचं ध्वनिमुद्रण सुरू केलं. सहाही पूर्ण व्हायला 1939 उजाडलं. (योगायोग असा की, त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत सॅन अँटोनियो इथे रॉबर्ट जॉन्सन हा ब्लूज गायक-गिटारवादक आपलं पहिलं ध्वनिमुद्रण करत होता. आम्हा बेसवाल्यांच्या दोन्ही आजोळांचा जन्म एकाच तारखेला!) त्या जुन्या तबकड्यांवरचे सुइट आजही मिळतात. कुठे कुठे सूर खरखरीत आहे, पण गज तारेला भिडतो तेव्हा देश पेटलेल्या माणसाचा हात ऐकू येतो. हा माझ्या कानांचा भ्रम असेल, असो.

फ्रँको जिंकला. कासाल्स सीमेपलीकडे फ्रान्समधल्या प्राद या लहानशा गावी राहू लागले. कॅटलोनियातून पळालेल्या लाखो निर्वासितांना फ्रान्सने काटेरी कुंपणाच्या छावण्यांत ठेवलं होतं. कासाल्स छावण्यांत अन्न आणि कपडे नेत, मदतीसाठी जगभर पत्रं लिहीत बसत. महायुद्धाच्या काळात जर्मन अधिकारी घरी आले आणि बर्लिनला वाजवायचं निमंत्रण त्यांनी दिलं. कासाल्स यांनी नकार दिला. मग इथेच काही वाजवा, असा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी खांद्याच्या संधिवाताचं कारण पुढे केलं. हा प्रसंग त्यांच्या आत्मकथनात आहे.

हिटलर संपला, पण फ्रँको तसाच राहिला. दोस्त राष्ट्रं त्याला हटवतील ही कासाल्स यांची आशा होती. ती 1945 साली इंग्लंडच्या दौऱ्यात मावळली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मानद पदव्या त्यांनी नाकारल्या आणि जाहीर कार्यक्रम करणंच थांबवलं. तेव्हा त्यांचं वय होतं अडुसष्ट, म्हणजे माझं आजचं. वादकाच्या हातात या वयात किती वर्षं उरलेली असतात? रोज सकाळी बोटं उघडताना मला तो हिशेब करावा लागतो. त्यांनी तो केला नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्या मौनाने फ्रँकोचं काय बिघडलं, असं कुणी विचारेल. काहीच बिघडलं नाही. फ्रँको आणखी तीस वर्षं सत्तेवर राहिला. पण एका म्हाताऱ्याने आपल्याकडची सगळ्यात महाग वस्तू, ऐकणाऱ्यांसमोरचा आपला आवाज, तराजूत घातली. रोजचा बाख मात्र त्यांनी सोडला नाही; प्रादच्या घरात तो चालूच होता.

1950 हे बाखच्या मृत्यूचं दोनशेवं वर्ष. व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांनी युक्ती काढली. कासाल्स जगाकडे येत नाहीत, तर जगाने प्रादला जावं. त्या गावच्या चर्चमध्ये जगभरचे वादक जमले आणि त्र्याहत्तर वर्षांच्या कासाल्स यांनी पुन्हा लोकांसमोर गज उचलला. पुढे ते आईच्या जन्मभूमीत, पोर्तो रिकोला, राहायला गेले. तिथे 1957 साली तालमीतच हृदयविकाराचा झटका आला, त्यातून उठले. त्याच वर्षी आपली वीस वर्षांची विद्यार्थिनी मार्ता हिच्याशी लग्न केलं, वय ऐंशी. लोकांनी नाकं मुरडली असतीलच. पण नव्वदाव्या वर्षी त्यांना पियानोपाशी नेणारा हात तिचाच होता, हे विसरू नये.

13 नोव्हेंबर 1961 रोजी त्यांनी केनेडींसाठी व्हाइट हाउसमध्ये वाजवलं. अमेरिकेने तर फ्रँकोला मान्यता दिलेली. मग हे कसं, अशी कुरबुर झाली. मला त्यात विसंगती दिसते, पण ढोंग दिसत नाही. केनेडींकडून त्यांना आशा होती. त्या कार्यक्रमाच्या मुद्रणात संगीताबरोबर एक हुंकारही मधूनमधून येतो. तो चौऱ्याऐंशी वर्षांच्या कासाल्स यांचा. वाजवताना ते नकळत गुणगुणत, कण्हत. श्रोत्यांत थिओडोर रूझवेल्ट यांची कन्या अ‍ॅलिस होती. याच वास्तूत 1904 साली तिच्या वडिलांसमोर कासाल्स वाजवून गेले होते, तेव्हाही ती हजर होती.

त्यानंतरचे बरेचसे उन्हाळे अमेरिकेतल्या मार्लबोरो इथे तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा घेऊन बसण्यात गेले. 24 ऑक्टोबर 1971 रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी स्वतः संगीत दिलेलं गीत सादर झालं. ऑर्केस्ट्रासमोर ते स्वतः उभे राहिले होते, वय चौऱ्याण्णव. त्या दिवशी त्यांनी चेलोवर पक्ष्यांविषयीचं एक कॅटलन नाताळगीत वाजवलं. देश सुटल्यापासून कार्यक्रमाचा शेवट ते याच लोकगीताने करत आले होते.

22 ऑक्टोबर 1973 रोजी पोर्तो रिकोत ते गेले. फ्रँको 1975 साली गेला. त्यानंतर चार वर्षांनी कासाल्स यांचे अवशेष एल वेंद्रेलच्या दफनभूमीत आणण्यात आले. त्याच गावात त्यांचं जन्मघर जपून ठेवलेलं आहे, आणि वडिलांनी करून दिलेलं भोपळ्याचं ते वाद्य तिथेच आहे.