हलक्या रुळांचे इंजिनिअर : एव्हरार्ड कॅलथ्रॉप

मागच्या डिसेंबरात मुलांना घेऊन माथेरानला गेलो होतो. नेरळ स्टेशनात मुंबई-पुणे मार्गाच्या शेजारीच दोन फुटी रूळ सुरू होतात, गावाची कड धरून निघतात आणि थोड्याच वेळात डोंगराला भिडतात. तिथे एक जुने वाफेचे इंजिन मांडून ठेवले आहे. हे खेळण्यातले इंजिन कोणी बनवले, असे धाकट्याने विचारले. रेल्वेत इतकी वर्षे नोकरी करून मला चटकन पूर्ण उत्तर देता आले नाही, याची लाज वाटली. घरी येऊन जुनी पुस्तके काढली. त्यातून जे हाती लागले, ते आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो.

नॅरोगेजवाल्यांच्या जगात आदराने घेतले जाणारे ते नाव म्हणजे एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातल्या शेतकरी घरातला. सुरुवातीला ते रॉबर्ट स्टीफन्सन कंपनीत कामाला लागले. पुढे क्रू येथील रेल्वे वर्कशॉपमध्ये शिकले आणि १८८२ मध्ये जी.आय.पी. रेल्वेत लोको इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. आम्हा डिप्लोमावाल्यांना हा माणूस जवळचा वाटतो तो इथे. हाताला काळे लावून तो वर चढला.

तेव्हा मुंबई-सोलापूर मुख्य मार्ग होऊन बरीच वर्षे झाली होती, पण बार्शीसारखी कापसाची मोठी पेठ रुळांपासून पस्तीस किलोमीटर दूर राहिली होती. सगळा माल बैलगाडीने. मोठी लाइन टाकावी तर खर्च परवडत नाही, न टाकावी तर व्यापार अडतो. कॅलथ्रॉपसाहेबांच्या मनात हा प्रश्न घर करून बसला. नोकरीत असतानाच त्यांनी मार्गाची पाहणी केली. वरिष्ठांनी साथ दिली नाही, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. १८९२ मध्ये मायदेशी जाऊन सल्लागार म्हणून काम सुरू केले, पण बार्शी सोडली नाही. अखेर १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शीला गाडी आली.

त्यांची युक्ती समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. गणपतीची जड मूर्ती आपण दोघे उचलत नाही, आठ जण खांदा देतात. कोणा एकावर जास्त भार आला की तोच आधी वाकतो. रुळाचेही तसेच. गाडी एकूण किती टन आहे यापेक्षा एका आसावर किती भार येतो, यावर रूळ आणि पूल किती भक्कम लागतील ते ठरते. कॅलथ्रॉप यांनी इंजिन असो, डबा असो की भरलेली वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येणार नाही, असा नियम घातला. इंजिनाला जास्त चाके दिली, वाघिणींना बोगी आणि दाबून बनवलेल्या पोलादाच्या चौकटी दिल्या. त्यामुळे यार्डाला अवघे तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरले. गाडी हिंदुस्थानात येण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे त्यांनी चाचणीसाठी रूळ टाकून सर्वांसमक्ष तिची परीक्षा घेतली.

गेज अडीच फुटी. आपल्या येलहंका-चिक्कबळ्ळापूर-कोलार मार्गावरही एकेकाळी हेच गेज होते. नंदी हॉल्टचे छोटेसे जुने स्टेशन पाहिले असेल, त्यांना त्या काळाची कल्पना येईल.

बार्शी लाइट १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. आषाढीला तिच्या टपावरसुद्धा वारकरी बसत! आमचे आजोळ बार्शीचे, त्यामुळे तिची शिटी आणि तिची सावकाश चाल मला लहानपणापासून ओळखीची. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. २०१० च्या आसपास सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला.

माथेरानच्या गाडीमागे पैसा आणि जिद्द पीरभॉय कुटुंबाची. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हे काम अंगावर घेतले, सुमारे सोळा लाख रुपये लागले. १९०४ मध्ये सुरू झालेले काम १९०७ मध्ये पुरे झाले. कॅलथ्रॉप सल्लागार अभियंता होते. इथे त्यांनी स्वतःच्या अडीच फुटी गेजचा हट्ट धरला नाही. विसात एक असा चढ आणि अतिशय आखूड वळणे, तेव्हा दोन फूटच बरे. इंजिनाचे पुढचे-मागचे आस वळणावर आडवे सरकू शकतील, अशी रचना निवडली. ती इंजिने जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने बांधली. नेरळला उभे आहे ते त्यांपैकीच एक. डोंगर फोडणाऱ्या आणि रूळ वाहणाऱ्या मजुरांची नावे मात्र कुठेच नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

इंग्लंडमध्ये त्यांनी १९०४ मध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच लाइन उभी केली. ती १९३४ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी आज पायवाट आहे.

१९१० मध्ये त्यांचे मित्र, रोल्स-रॉइस कंपनीचे चार्ल्स रोल्स विमान कोसळून गेले. तो घाव मनाला लागला. रेल्वेचा हा माणूस पॅराशूटच्या मागे लागला आणि त्याने ‘गार्डियन एंजल’ नावाची छत्री तयार केली. १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून तिच्या साहाय्याने उडी मारून दाखवण्यात आली. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ती वापरली गेली, पण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट द्यायला वरिष्ठ तयार होईनात. त्यांचे मन वळले तेव्हा युद्ध संपत आले होते. दरम्यान किती तरुण जळत्या विमानात गेले! बरीच पदरमोड करूनही कॅलथ्रॉप यांच्या वाट्याला ही हळहळ आली. मार्च १९२७ मध्ये ते वारले. त्याच वर्षी बार्शी लाइट मिरजेला पोहोचली.

माथेरानची गाडी २००५ च्या आणि २०१९ च्या पावसात वाहून गेलेल्या मार्गामुळे बंद पडली आणि दोन्ही वेळा, २००७ आणि २०२२ मध्ये, पुन्हा सुरू झाली. वारसा म्हणून तिचे फोटो आपण काढतोच. पण प्रत्येक पावसाळ्यानंतर दरडी उपसून, रूळ सरळ करून तिला पुन्हा चालती करणारे गँगमन आणि फिटर आहेत, म्हणून ती वारसा आहे.

धाकट्याला मी एवढेच सांगितले की हे इंजिन खेळण्यातले नाही, भार सर्वांनी सारखा वाटून घेतला तर बारीक रुळावरूनही मोठे ओझे जाते हे ज्याला कळले होते, त्याचे ते आहे. आपले मंडळ इतकी वर्षे परगावी चालले आहे तेही याच हिशेबाने. यंदाही प्रत्येकाने आपल्या आसाचा भार उचलावा, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!