रेव्हरंड टिळकांचा दुसरा त्याग

'फुलामुलांचे कवी' म्हणून मराठी वाचकांना पाठ्यपुस्तकातून भेटलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यातील धर्मांतराची हकिगत सर्वांना ठाऊक असते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'ने ती घरोघरी पोहोचवली. मात्र त्यानंतर बावीस वर्षांनी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना टिळकांनी आणखी एक त्याग केला. त्याची चर्चा फारशी होत नाही.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे, वडील कडक स्वभावाचे. आई लहानपणीच गेली आणि मुलगा घरापासून तुटला. नाशिकला संस्कृताचे अध्ययन, तेथेच 1880 च्या सुमारास विवाह आणि मग नोकरीच्या निमित्ताने गावोगाव भटकंती. विद्वत्ता होती, वक्तृत्व होते, कविता होती. एका जागी टिकण्याचा गुण तेवढा नव्हता. नागपुरात काही काळ काढल्यानंतर 1893 मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबल वाचायला दिले. ते वाचन त्यांना 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्म्यापर्यंत घेऊन गेले.

या पहिल्या त्यागात जात गेली, आप्त गेले, पंडित म्हणून मिळणारा मान गेला. त्याची किंमत मात्र एकट्या टिळकांनी मोजली नाही. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन सुमारे पाच वर्षे नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पंढरपूरच्या सोवळ्या वातावरणात ख्रिस्ती झालेल्याची बायको म्हणून जगणे काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे त्या अहमदनगरला आल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ईश्वराच्या ओढीने घर सोडणाऱ्या पुरुषांची चरित्रे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मागे राहिलेल्या स्त्रीने स्वतःच लेखणी हाती घ्यावी, हे क्वचितच घडले आहे.

नगरला टिळकांचा जम बसला. अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात ते शिकवत. 1904 मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, 1912 पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहत. पगार बेताचा असला तरी नियमित होता, आणि तो घरात टिकत मात्र नसे, कारण दारी आलेल्याला टिळक नाही म्हणत नसत. संसार चालवणाऱ्या लक्ष्मीबाईंची त्यामुळे होणारी तारांबळ त्यांनीच मोठ्या विनोदाने सांगितली आहे.

असे सारे सुरळीत असताना 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा राजीनामा दिला. मतभेदाचा स्फोट झाला नव्हता, कोणी त्यांना काढलेही नव्हते. पगारी प्रचारकाच्या तोंडून आलेला ख्रिस्त या देशाला परका वाटतो, हे त्यांना वर्षानुवर्षे बोचत होते. लहानपणापासून त्यांच्या कानांवर वारकऱ्यांचे अभंग होते. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. भजन, कीर्तन, अभंग ही साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली होतीच. पण तुकोबांचा अभंग गायचा आणि महिन्याच्या महिन्याला मिशनचा पगार घ्यायचा, ही विसंगती त्यांना सोसेना.

त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्यास मुक्काम हलवला. हा संन्यास रूढ अर्थाचा नव्हता. पत्नी-मुलांशी नाते तोडणे त्यांना अभिप्रेत नव्हते. पगार, पद आणि संस्थेचे पाठबळ यांवर पाणी सोडून ख्रिस्ताच्या भरवशावर राहणे एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या वेळी घर उद्ध्वस्त झाले होते, या वेळी ते त्यागाच्या आत सामावले. टिळकांच्या स्वभावात वयोमानाने आलेला हा फरक महत्त्वाचा आहे.

साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सारे भक्त तेथे बंधू म्हणून एकत्र यावेत, हा हेतू होता. बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्तभक्त ही गोष्ट अनेक ख्रिस्ती लोकांना पटण्यासारखी नव्हती, आणि हिंदू समाजाला त्यात धर्मांतराचा नवा डाव दिसणे स्वाभाविक होते. दोन्हीकडच्या संशयात दरबार उभा करायचा, तोही पगाराशिवाय, ढासळत्या प्रकृतीनिशी. त्यासाठी टिळकांना पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत.

9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत ठेवण्यात आल्या. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र सुरुवातीच्या दहा-एक अध्यायांवर अर्धवट राहिले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले.